टाइमशीटमध्ये नसलेला शनिवार

प्रिय काकू,

मी ३२ वर्षांची. माहेर कोरेगाव, सासर साताऱ्यात गोडोलीला. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत सहा वर्षं आहे, गेल्या वर्षी टीम लीड झाले. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं काम आमच्या टीमकडे आहे. मंगळवार ते गुरुवार ऑफिसला जावं लागतं, तेव्हा वाकडला दोन मैत्रिणींबरोबर राहते. गुरुवारी रात्रीच्या गाडीने सातारा. शुक्रवार आणि सोमवार घरून काम. मिस्टर राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत. मुलगी पाच वर्षांची, ती आजीजवळ असते.

शनिवार-रविवार काम करा असं मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर मॅनेजरचा मेसेज येतो, "टीम, सोमवारी क्लायंट कॉल आहे, वीकेंडला जमेल तसं एकदा बघून घ्या." मग शनिवारी सकाळी कोणीतरी काहीतरी अपलोड करतं, त्यावर अंगठे पडतात आणि मीही लॅपटॉप उघडते. मागच्या महिन्यात आम्ही तिघं स्कूटरवरून यवतेश्वरला निघालो होतो. घाटात फोन आला. कडेला स्कूटर लावली, सीटवर लॅपटॉप ठेवला, मिस्टरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेतला आणि एका रिपोर्टमधले दोन कॉलम बदलून पाठवले. पाऊण तास गेला. मुलगी बाजूला उभी राहून बिस्किटांचा पुडा संपवत होती. मंगळवारी बघितलं, तर ती फाइल माझ्याशिवाय कोणी उघडलीच नव्हती.

मिस्टर म्हणतात, सोड नोकरी, इथेच काहीतरी बघू. सासूबाई मला काही बोलत नाहीत, पण परवा शेजारणीला म्हणाल्या, "आमची सून पाहुणी येते, ती पण फोनवर." ते मला लागलं. अप्रेझलला मात्र "ओनरशिप उत्तम" असा शेरा मिळाला. सोडू का? की बाकीच्यांना जमतं ते मलाच जमत नाहीये?

– गोडोलीची एक वाचक

*

अगं, शेवटचे दोन प्रश्न आधी निकालात काढू. सोडू नकोस, निदान आत्ता आणि या कारणासाठी नको. आणि बाकीच्यांना जमतंय हे तुला कोणी सांगितलं? ग्रुपवर अंगठा टाकणारा माणूस मजेत असतो असं समजू नये. त्यातल्या निम्म्या जणांनी तो अंगठा भाजी घेता घेता, नाहीतर पोराला पोहायला सोडून बाहेर बाकावर बसून टाकलेला असतो.

मी नोकरीची बहुतेक वर्षं कंपन्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली, ज्याला आता एचआर म्हणतात. त्यामुळे तुझ्या पत्रात मला यवतेश्वरपेक्षा दुसरंच वाक्य जास्त खुपलं. "मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही." सांगितलं असतं तर बरं झालं असतं की! सांगितलेल्या कामाबद्दल विचारता येतं. किती वेळ लागेल, कोण करेल, बदली सुट्टी कधी मिळेल. "जमेल तसं बघून घ्या" या कामाला मालकच नाही. नाही केलंस तर तू मागे पडलीस, केलंस तर तू आपणहून केलंस. मॅनेजरला उद्या कोणी विचारलं तर तो खरंच सांगेल, मी कोणालाच वीकेंडला बसवत नाही.

आता मला एक सांग. आठवड्याची टाइमशीट भरतेस त्यात काय भरतेस? पैजेवर सांगते, रोजचे आठ, आठवड्याचे चाळीस. शनिवारचे चार-पाच तास, रविवारी रात्रीचा तासभर, ऑफिसच्या दिवशी रात्री दहाचे कॉल, यातलं काहीच त्यात नसेल. भरायला गेलं तर सिस्टीम घेत नाही, किंवा कोणीतरी पहिल्याच वर्षी सांगितलेलं असतं की चाळीसच्या वर भरायचं नाही, क्लायंट प्रश्न विचारतो.

तुझं दुखणं इथे आहे, आणि ते स्वभावाचं नाही, हिशेबाचं आहे. तुमच्या धंद्यात कामाचा अंदाज तासांत आणि माणसांत लावतात. काम मिळवायचं म्हणून अंदाज जरा आवळून दिला जातो. दहा माणसांचं काम आठांत बसवतात. उरलेल्या दोन माणसांचं काम कुठे जातं? तुमच्या आठ जणांच्या शनिवारात. आणि कागदावर तुम्ही सगळे चाळीसच भरता, म्हणून पुढच्या वर्षी अंदाज काढायला बसलेला माणूस तो कागद बघतो आणि म्हणतो, आठांत झालं होतं की व्यवस्थित. मग एखादा जण दुसऱ्या प्रोजेक्टला जातो आणि त्याच्या जागी माणूस येतच नाही. यात कोणी दुष्ट असावाच लागत नाही. तुझा शनिवार कंपनीच्या कुठल्याच वहीत खर्च म्हणून पडत नाही, आणि जे फुकट मिळतं त्याची काटकसर कोण करतंय?

"ओनरशिप उत्तम" हा शेरा त्या पाऊण तासाची पावती आहे, असं तुला वाटतंय. अप्रेझलच्या बैठका मी भरपूर बघितल्यात. तिथे कोणी कुठल्या शनिवारी लॅपटॉप उघडला होता हे कोणालाच आठवत नाही. काम वेळेत गेलं का, क्लायंटने तक्रार केली का, टीममधलं कोणी सोडून गेलं का, एवढ्यावर बोलणं होतं. तुझा शेरा तुला त्याच्या जोरावर मिळाला असेल. तो शनिवार न देताही मिळाला असता.

शनिवारचं सगळंच काम खोटं असतं असं मात्र म्हणत नाही मी. सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन चढवायचं, म्हणजे तुमचं रिलीज, तर ते शनिवारी रात्रीच चढवतात, कारण तेव्हा क्लायंटचे लोक सिस्टीमवर नसतात. महिनाअखेर येते, कधी काहीतरी बंदच पडतं. ही कामं खरी आहेत आणि ती लीडला टाळता येणार नाहीत, टाळूही नयेत. पण खऱ्या कामाची ओळख अशी की त्याची तारीख आधी माहीत असते. कोण बसणार त्याची पाळी लावलेली असते. बहुतेक कंपन्यांत त्याला ऑन-कॉल भत्ता किंवा कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, असते. आणि जे अचानक बंद पडतं त्याचा तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीचा क्रमांक, तरी असतो. दोन कॉलम बदलायला तिकीट नंबर होता का?

घड्याळाचं गणित तर मला तुझ्या मॅनेजरलाच घालावंसं वाटतंय. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शुक्रवारी संध्याकाळचे पाच वाजतात, तेव्हा साताऱ्यात शनिवारची पहाट असते, त्यांच्या उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. त्यानंतर क्लायंट दोन दिवस गायब. तो सोमवारी सकाळी नऊला कामावर बसतो, तेव्हा आपल्याकडे सोमवारचे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. म्हणजे "सोमवारच्या क्लायंट कॉलसाठी" तुमच्या हातात सोमवारचा पूर्ण दिवस असतो, आणि तुझा तर तो घरून कामाचा दिवस, बसचा प्रवास नाही. साडेनऊला बसलीस तरी कॉलआधी नऊ तास मिळतात. दोन कॉलमला पाऊण तास लागला होता. मग शनिवारी घाटात स्कूटर थांबवायची गरज कोणाला होती? क्लायंटला नव्हती. मॅनेजरला सोमवारी सकाळी धाकधूक नको होती, एवढंच.

त्याची धाकधूक खोटी नाही. त्यालाही वर कोणीतरी विचारणारा आहे. पण ती धाकधूक घालवायला तुझे दोन दिवस लागत नाहीत, शुक्रवारी दुपारचा अर्धा तास लागतो. शुक्रवारी चारला त्याला आपणहून कळव की सोमवारच्या कॉलसाठी काय तयार आहे, काय राहिलंय, राहिलेलं कोण करणार आणि सोमवारी किती वाजेपर्यंत होणार. त्याचा मेसेज सहाला येतो ना? तुझा चारला गेलेला असला पाहिजे. मी बघितलेले बरेचसे "जमेल तसं बघून घ्या" हे माहिती नसल्यामुळे आलेले असतात. माहिती हातात असली की माणूस लिहायचं विसरतो.

एवढ्याने सगळं सुटणार नाही. म्हणून पुढचे चार आठवडे एक वही घाल. फोनमध्ये नको, साधी वही. शनिवार-रविवारी जे काही केलंस ते त्याच वेळी लिही. किती वाजता बसलीस, किती वाजता उठलीस, कोणाच्या सांगण्यावरून, काय केलं, आणि त्या कामाकडे पहिल्यांदा कोणी कधी बघितलं. हा शेवटचा रकाना सोडू नकोस. फाइल कोणी कधी उघडली हे तुला बघता येतं, तू बघितलंसच. चार आठवड्यांनी त्या रकान्यात "सोमवार संध्याकाळ", "मंगळवार", "उघडलीच नाही" असं एकाखाली एक दिसायला लागेल. त्याच्यासमोर तुझी तक्रार म्हणजे काहीच नाही. तक्रार केलीस की समोरचा तुझी समजूत काढतो, वही ठेवलीस की त्याला उत्तर द्यावं लागतं. मात्र क्लायंटची माहिती, आकडे, स्क्रीनचे फोटो असलं काही त्या वहीत किंवा स्वतःच्या फोनमध्ये घेऊ नकोस. त्यावरून माणसं अडकतात.

मग बोलायला बस. ऑफिसच्या दिवशी, समोरासमोर, बुधवारी वगैरे. शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घालू नकोस, आणि टपरीवर चहा पिता पिता तर मुळीच नको. टपरीवरचं बोलणं टपरीवरच राहतं. तुमचं बोलणं ज्या भाषेत होतं त्यात बोल, मुद्दा साधारण असा मांड: "गेल्या चार आठवड्यांत वीकेंडला माझे इतके तास गेले. त्यातलं हे काम खरंच शनिवारी लागणार होतं. हे बाकीचं सोमवारी दुपारपर्यंत झालं असतं तरी कॉलला पुरलं असतं. यापुढे रिलीज आणि महिनाअखेरीला मी आहेच, तारखा आधी कळू देत. बाकीच्या शनिवारी मी लॅपटॉप उघडणार नाही. काही बंद पडलं तर मेसेज नको, फोन करा, मी उचलते. आणि वीकेंडचे तास टाइमशीटला कुठल्या कोडवर टाकायचे ते सांगा."

शेवटचं वाक्य गाळू नकोस. बाकी सगळ्यावर तो "हो हो, नक्की बघू" म्हणेल. या एका प्रश्नावर त्याला काहीतरी ठरवावंच लागतं. कोड म्हणजे तास कुठल्या कामाच्या खात्यावर मांडायचे तो क्रमांक. तो दिला तर तुझा शनिवार कागदावर आला, आणि कागदावर आलेल्या तासाचा जाब त्याला वर द्यावा लागतो, म्हणजे तो जपून वापरेल. "असं भरता येत नाही" म्हणाला, तर शांतपणे म्हण, "मग ते काम सोमवारी करते." बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाक, आज आपलं असं-असं ठरलं म्हणून. भांडणाचा सूर नको, बैठकीनंतर टाकतो तसा साधा मेल. आपल्याकडे बोलायची भीड वाटते, लिहायची त्याहून जास्त वाटते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

"मी फोन उचलते" हे म्हणायचं कारण सांगते. मेसेज टाकायला काहीच लागत नाही, बोटाचं काम. फोन करायला माणसाला दोन मिनिटं विचार करावा लागतो की हे खरंच तिला शनिवारी सांगण्यासारखं आहे का. त्या दोन मिनिटांतच बरीचशी कामं गळून पडतात.

आणखी एक हिशेब तुझ्या पत्रातच आहे, तो तुझ्या लक्षात आलेला दिसत नाही. मिस्टर बँकेत. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, बाकीचे शनिवार पूर्ण काम. म्हणजे तुम्ही तिघं शनिवारी एकत्र घरी असता ते महिन्यातून फक्त दोनदा. हे दोन शनिवार सोन्याचे धर. त्या दिवशी रिलीज आली तर पाळी बदलून घे, त्यासाठी आधीच एखाद्या सहकाऱ्याशी अदलाबदलीचं ठरवून ठेव. बदल्यात पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी सकाळी दोन-तीन तास द्यायची तयारी दाखव. मॅनेजरपुढे "मला शनिवार नको" म्हणून गेलीस तर तो तुझ्याकडे अडचण म्हणून बघेल, "हे दोन नको, त्या दोनांतले काही तास घ्या" म्हणून गेलीस तर सौदा होईल. सगळे शनिवार मागून एकही न मिळण्यापेक्षा दोन पक्के बरे.

आता कायद्याचं, कारण तू विचारलं नसलंस तरी हे वाचणारे दहा जण विचारतील. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आयटी कंपन्यांच्या ऑफिसांनाही लागतो. आठवड्याला ४८ तास, सलग २४ तासांची एक साप्ताहिक सुट्टी, ती घेऊ दिली नाही तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी, जादा तासांना दुप्पट दर. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे ९ तास १० करायला मंजुरी दिली, त्यावर खूप बोललं गेलं. आठवड्याची कमाल ४८ च राहिली. पण दोन गोष्टी नीट ऐक. कायदा एका दिवसाची सुट्टी देतो, दोन दिवसांची नाही. शनिवारची सुट्टी तुला कंपनीच्या धोरणातून मिळालेली आहे, ते धोरण आणि नेमणूकपत्र काढून वाच. दुसरं, व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांवरच्या लोकांना हा कायदा बाहेर ठेवतो, आणि तुझ्या पदात "लीड" आहे. तेव्हा कायद्याचं पुस्तक घेऊन केबिनमध्ये शिरू नकोस. तुझ्या टीममधल्या मुलांना तो लागतो, हे मात्र लक्षात ठेव. कामाच्या वेळेनंतर फोन-मेल न बघण्याचा हक्क द्यावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ मध्ये मांडलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून तसा कायदा आहे. आपल्याकडे अजून नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर थांबण्यात अर्थ नाही.

रविवारचीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यापर्यंत येते. आज रविवारची सुट्टी आपण जन्मसिद्ध धरतो, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' वृत्तपत्र चालवणारे. आणि फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटाव तालुक्यातलं. मोठे उद्योगपती आठवड्याला सत्तर तास काम करा म्हणतात, एक साहेब तर २०२५ च्या सुरुवातीला नव्वद तास म्हणाले आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार असंही विचारून बसले, तेव्हा मला हटकून लोखंडे आठवतात. नव्वद तासवाल्यांच्या घरी भाजी कोण आणतं, पोराला शाळेतून कोण घेऊन येतं, हे कोणी विचारलं नाही. असो.

तासांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. वहीत बेरीज करशील तेव्हा ५५ च्या रेषेकडे लक्ष ठेव. रात्रीचे कॉल धरायचे आणि बसमध्ये लॅपटॉप उघडतेस ते तासही धरायचे.

आता जरा कडू बोलते. तू लीड आहेस. मॅनेजरचा शुक्रवारचा मेसेज आल्यावर तू तुझ्या टीमच्या वेगळ्या ग्रुपवर काय टाकतेस? पत्रात ते कुठेच नाही. तुझ्या टीममध्येही कोणी इस्लामपूरचं असेल, कोणी बार्शीचं, कोणी शुक्रवारी रात्रीची गाडी धरून घरी जाणारं. शनिवारी सकाळी कोणीतरी काहीतरी अपलोड करतं म्हणतेस, ते "कोणीतरी" तुझ्याच हाताखालचं पोरगं असेल, आणि लीड ऑनलाइन दिसते म्हणून त्याने लॅपटॉप उघडलेला असेल. तुला मॅनेजर जसा दिसतो तशी तू त्याला दिसत असशील. मॅनेजरशी बोलायच्या आधीचा महिना तू हे करू शकतेस, कोणाची परवानगी लागत नाही: शनिवारी केलेलं काम शनिवारी पाठवू नकोस. मेल लिहून ठेव, सोमवारी सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेव. टीमला स्पष्ट सांग, माझ्याकडून वीकेंडला आलेल्या कशालाही सोमवारपर्यंत उत्तर नको. तुमच्यातला अंगठ्यांचा खेळ यानेच निम्मा थांबेल. ज्या दिवशी तू मॅनेजरसमोर बसशील त्या दिवशी "माझ्या टीमला मी असं सांगितलंय आणि काम कुठेही अडलं नाही" हे वाक्य तुझ्याकडे असेल.

घरचं. मिस्टर "सोड" म्हणतात ते प्रेमापोटी म्हणत असतील, तरी त्यांना एक विचार: महिन्यातून दोन-तीन शनिवार तेही बँकेत असतात, मार्चअखेरीला तर रात्री उशिरा येतात, तेव्हा कोणी त्यांना सोड म्हणतं का? बाईच्या नोकरीत अडचण आली की पहिला उपाय नोकरी सोडायचा, हा आपल्याकडचा जुनाच रिवाज आहे. साताऱ्यात तुझ्या कामाची, तुझ्या पगाराची नोकरी पटकन मिळत नाही हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे. पाच वर्षांनी लीड झालीस. हे पद ठेवून तू काय बदलू शकतेस ते आधी बघू दे, मग बोलू असं त्यांना सांग. त्यांच्याकडून सल्ल्याऐवजी मदत माग: त्या पहिल्या-तिसऱ्या शनिवारी ते बँकेत असताना तू तीन तास बसलीस, तर रविवारची सकाळ ते आणि मुलगी, आणि तू झोपायचंस.

सासूबाईंचं बोलणं लागलं म्हणतेस. लागण्यासारखंच आहे. पण त्या खोटं काय बोलल्या? आठवडाभर पोरीचं जेवणखाण, शाळा, सर्दीपडसं त्या एकट्या बघतात, आणि तू येतेस ती एका हातात फोन घेऊन. अर्धं काम आणि अर्धं घर हे सगळ्यात वाईट. पोरगी काहीतरी सांगत असते, तू "हं, हं" म्हणतेस आणि तिला कळतं. म्हणून शनिवारी काम असेल तर ते गुरुवारी रात्री घरात पाऊल टाकताच सांगून टाक: "शनिवारी नऊ ते बारा मला बसायचंय." मग आतल्या खोलीत दार लावून बस, बाराला लॅपटॉप बंद, बॅगेत, बॅग कपाटात. घरच्या माणसांना काम नडत नाही गं, कधी संपेल हे माहीत नसणं नडतं. सासूबाईंनाही मग त्या तीन तासांनंतर कुठे जायचं तर जाता येईल. त्यांनाही सुट्टी लागते, हे तुमच्या घरात कोणाच्या डोक्यात आलंय का? शुक्रवारी तू घरून काम करतेस तेव्हा उलटंही होत असेल, "घरीच आहेस ना, जरा हळदीकुंकवाला जाऊन ये." तिथेही दार लावायचं. एकीकडे ढिलं सोडलं की दुसरीकडे भरून काढावं लागतं, आणि तो खड्डा शनिवारच भरतो.

एवढं करून मॅनेजर बधला नाही तर? तीन महिने बघ. त्यात फरक पडला नाही तर आधी कंपनीतच दुसरं प्रोजेक्ट माग, शक्य असेल तर युरोपातल्या क्लायंटचं. त्यांचा दिवस आपल्या दुपारी सुरू होतो, रात्रीचे कॉल आपोआप कमी होतात. तेही नाही झालं तर बाहेर बघ, आणि मुलाखतीला विचार की वीकेंड सपोर्टची पाळी कशी लावता, कॉम्प-ऑफ किती दिवसांत घ्यावा लागतो. गोड बोलून टाळलं तर समज. तुमच्याकडे नोटीस बहुतेक नव्वद दिवसांची असते, तेव्हा हातात दुसरं पत्र आल्याशिवाय राजीनामा टाकायचा नाही, मग शुक्रवारी संध्याकाळी कितीही डोकं फिरलं तरी.

आता येत्या सोमवारी करायचं ते. या वर्षात रिलीजसाठी शनिवारी-रविवारी बसलीस त्याचे कॉम्प-ऑफ तू घेतलेस का? पत्रात उल्लेख नाही म्हणजे नसतील घेतले. ते किती दिवसांत वापरायचे याची मुदत प्रत्येक कंपनीच्या धोरणात असते, आणि मुदत संपली की दिवस गेला. एचआरला दोन ओळींचा मेल टाकून शिल्लक विचार. रिलीजच्या तारखा तुझ्या कॅलेंडरमध्ये आहेतच, त्या मेलमध्ये लिही. दोन दिवस जरी निघाले तरी मिस्टरांच्या चौथ्या शनिवारला मागचा शुक्रवार आणि पुढचा सोमवार जोडून घे.